राणीसरकारांची पाण्याची वाटी

३ मार्च
चिरंजीव आणि सूनबाई कामानिमित्त तीन आठवडे बाहेर. जाताना सूनबाईने तिची टॅरँटुला, म्हणजे पंज्याएवढी केसाळ कोळीण, काचेच्या पेटीसकट आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवली. नाव राणीसरकार. पेटीत माती, एक बीळ, पाण्याची वाटी. सूनबाई म्हणाली, आई, पाणी तेवढं बदला, बाकी तिला तिच्या मनाने राहू द्या. ही नीट राहिली तर बाळ झाल्यावर त्यालाही इथेच ठेवू, नाहीतर पाळणाघर आहेच. हसत म्हणाली, पण मी ओळखलं. परीक्षा आहे.
मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. आठ पायांची एक मुलगी काय जड आहे?

४ मार्च, सकाळ
वाटीत काठोकाठ माती. धुतली, भरली.
दुपार. पुन्हा माती. मी कोणावर ओरडत नाही. फक्त समज दिली. आमचे हे पेपरच्या आडून म्हणाले, अगं हळू, खालचा डॉक्टर वर येईल.

६ मार्च
वाटी उपडी आणि वर ती स्वतः बसलेली. निव्वळ उद्दामपणा. लांब चमच्याने सरकवलं, तर मागच्या पायांनी अंगावरचे केस माझ्या दिशेने उडवले. हाताला दिवसभर खाज. डॉक्टर मलम देताना म्हणाला, मावशी, कशाला तिच्या वाटेला जाता? त्याला मूलबाळ नाही.

९ मार्च
वेळापत्रक लागू. वाटी सकाळी तासभर आत, मग बाहेर. पाणी वेळेवर प्यायचं. राणीसरकार तासभर पाठ करून बसल्या. हे म्हणाले, तू समोर उभी राहिलीस की मलासुद्धा घोट उतरत नाही. दुर्लक्ष केलं. संध्याकाळी वाटी पुन्हा आत! यांचा उद्योग. मी काढली नाही. मोठं मन लागतं.

१२ मार्च
नाकतोडा दिला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. उपोषणाला मी वसतिगृहातही भीक घातली नव्हती. नाकतोडा आत तसाच ठेवणार होते, यांनी चिमट्याने बाहेर काढला. लाड!

१५ मार्च
विजय! राणीसरकार वाटीशेजारी पाय आवरून बसलेल्या. पाणी स्वच्छ. मातीचा कण नाही. कालची ती ही नव्हेच. पोरीने जणू कात टाकली.

१८ मार्च
अजूनही तिथेच, तशीच. पाणी बदलताना हलत नाही, केस उडवत नाही. मी बोलते तेव्हा ऐकते. घरात असं दुसरं कोणी नाही.

२० मार्च
डॉक्टरला मुद्दाम बोलावून दाखवली. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग यांच्याकडे बघितलं. दोघांनाही एकदम खोकला आला. म्हणाला, मावशी, इतकी शांत पेशंट मी आजवर पाहिली नाही. उशिरा का होईना, मान्य केलं.

२४ मार्च
दोघं आली. सूनबाईला म्हटलं, बघ, वाटी तासाभराने बाहेर काढून वळण कसं लावलंय. तिने माझी आदर्श विद्यार्थिनी दोन बोटांत धरून उचलली. मी किंचाळले नाही, आवाज जरा मोठा निघाला. आत काही नव्हतं. पोकळ. खऱ्या राणीसरकार बिळात, आधीपेक्षा मोठ्या आणि चकचकीत.
सूनबाई म्हणाली, हे दिवस फार नाजूक असतात, अंग कच्चं असतं, जवळ पाणी लागतं आणि कोणी छेडायचं नसतं. बरं झालं आई, तुम्ही तिने टाकलेल्या कातीलाच शिस्त लावत बसलात. पण वाटी आत कोणी राहू दिली? यांनी पेपर न सोडता एक हात वर केला. चिरंजीव हसता हसता सोफ्यावर आडवा.
बाळाचं विचारलं. म्हणाली, इथेच ठेवू की. बाबांजवळ.
ठीक आहे. म्हणजे घर तेच. फक्त यांना बाळाचा काडीचा अनुभव नाही. उद्या पहाटे उठवून उशीला लंगोट बांधायला लावणार आहे.