नऊ गोळ्यांचा महिना

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस धाकट्या आर्डिसचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच).

तुझी कंबर कशी आहे? तिकडे ॲरिझोनात म्हणे डिसेंबरातही लोक अंगणात बसून जेवतात. इथे आयोवात बर्फाखाली अंगण कुठे आहे ते आता मार्चमध्ये कळेल. मी मजेत आहे.

फक्त डोक्याचं तेवढं. माझी अर्धशिशी तुला ठाऊकच आहे. आईकडून तुला चांदीचे चमचे मिळाले, मला ही. गोळी घेतली की उतरते, पण विमा कंपनीच्या मते माणसाला महिन्याला नऊच गोळ्या लागतात. माझ्या डोक्याला हे कुणी कळवलेलं नाही. त्यामुळे हल्ली मी प्रत्येक दुखण्याची लायकी बघते. शनिवारचं असेल तर सोसायचं, कारण शनिवारी कुणी येत नाही. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी द्यायची पाळी असेल तर मात्र गोळी. (मध्ये एका रविवारी कंजूषपणा केला आणि सकाळची न्याहारी पास्टर लिंडग्रेनांच्या बुटांवर पडली. "असू दे हो, जुनेच होते," म्हणाले बिचारे. कोरे करकरीत होते.)

मग डॉक्टर बाकेनबाईंनी जास्त गोळ्या मागितल्या आणि कंपनीतून चौकशीचा फोन आला. रोशेल नावाची मुलगी, टेनेसीकडची, आवाज अगदी गोड. मी पडदे ओढून, कपाळावर गोठलेल्या मटारांची पिशवी ठेवून पडले होते. तिने विचारलं, "कशा आहात, मॅडम?" आता याला आपल्याकडे एकच उत्तर असतं.

"बरी आहे की. तू कशी आहेस?"

"फार दुखतं का?"

"छे गं, याहून जास्त दुखणारी माणसं आहेत."

"घरातली कामं होतात ना?"

"होतात की!"

(होत नव्हती. पण परक्या मुलीपुढे रडगाणं गायचं? आपल्या बाबांचं मका सोलायच्या यंत्रात बोटाचं पेर गेलं, तेव्हा "जरासं लागलंय" म्हणून ते आधी जेवले होते.) मग तिच्या आईचा मधुमेह निघाला, माझी ॲपल पायची कृती निघाली, दोघींनाही फोन ठेववेना. आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं: रुग्णाच्याच सांगण्यानुसार त्रास किरकोळ, नऊ पुरेत. त्या महिन्यात माझ्याशी सगळ्यांत जास्त बोललेलं माणूस ती मुलगी, ताई, आणि तिने बिचारीने मी सांगितलं तेच लिहून घेतलं.

डॉक्टरबाई खवळल्या. "आर्डिस, तुम्हाला साधं कण्हतासुद्धा येत नाही का?" आता फेरविचारासाठी अर्ज जायचाय आणि त्याला, मला दुखताना पाहिलेल्या कुणाची तरी साक्ष जोडायची आहे. माझा मर्ल होता तेव्हा पडदे तो ओढायचा, घड्याळाची टिकटिक नको म्हणून घड्याळ गॅरेजमध्ये नेऊन ठेवायचा. तो गेल्यापासून मला दुखताना कुणी पाहिलेलंच नाही. (मांजरानेही नाही, ते शेजारच्या नील्सनांकडे राहायला गेलं. तिथे बडबड जास्त असते.) एकटीने दुखणं काढायचं म्हणजे "दुखतंय" हेही आपलं आपल्यालाच सांगायचं. फार एकटं वाटतं, ताई.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझी,
आर्डिस

ता. क. साक्ष तू लिहिशील का? न पाहता लिहिलीस तर खोटी ठरेल, म्हणून येऊन आठवडाभर राहावं लागेल. एखादं चांगलंसं दुखणं नक्की दाखवेन.

आणखी ता. क. साक्षीचं डॉक्टरबाई काही म्हणाल्या नव्हत्या, ते माझ्या मनचं. अर्ज त्यांनी सोमवारीच पाठवला. तरी तू ये.