बाजूला राहण्याचा नियम

प्रिय खोडरबर,

इंटरनेटवरच्या आपल्या कोशाच्या पानावर न लिहिता कागदावर लिहिते आहे. तिथं कुणी काय लिहिलं, मग काय बदललं, हे साऱ्या जगाला दिसतं. इथली माझी खाडाखोड फक्त तुला दिसेल. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलेल्या माणसाला एवढी मेजवानी द्यायलाच हवी. समास मुद्दाम मोठा सोडला आहे.

इकडचं नेहमीचंच. संस्कृतच्या वर्गात मुलं गुणांच्या आशेनं येतात आणि विभक्ती दिसली की पळतात. आईचे गुडघे हल्ली आईपेक्षा जास्त बोलतात. मी त्या दोघांचं ऐकते.

नियमावली पुन्हा वाचायला घेतली होती. ती कशी लिहिली, आठवतं का तुला? कामधंद्यातल्या शब्दांचा खुला कोश. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्त करावं. तू सुरू केलास तेव्हा एवढंच होतं. मग माणसं वाढली, तशी भांडणं वाढली, आणि पाच जणांचं मंडळ नेमायचं ठरलं. मंडळ म्हटलं की नियम आले, आणि नियम म्हटलं की तुझ्या भाषेत पंडितीणबाई आल्या. आपण पाचही जण आपापल्या घरून पडद्यावर जमायचो. दंतवैद्य समोरच्याला बोलताच येत नाही असं धरून बोलत राहायचे, ग्रंथपालबाई सगळ्यांना हळू बोलायला सांगायच्या, आणि वीज जायची ती नेमकी इलेक्ट्रिशियनच्या घरची. तुझ्या पाठीमागं वहिनींची शिलाई मशीन चालू असायची. मध्येच त्यांचा आवाज यायचा, "तुमचं राज्य चालवून झालं की जरा कात्री द्या इकडं."

सगळ्यात जास्त वाद झाला तो बाजूला राहण्याच्या नियमावर. आपल्या माणसाचा प्रश्न आला तर सभासदानं मत देऊ नये, हे सगळ्यांना मान्य होतं. पण आपलं माणूस म्हणजे कोण? दंतवैद्य म्हणाले, मित्रसुद्धा धरा. तू उसळलास, "अहो, मग मत द्यायला उरणार कोण? भिंत?" मैत्री वगळली ती तुझ्या हट्टानं. बाजूला राहणाऱ्यानं आपलं नातं सर्वांना दिसेल असं लिहावं, हाही हट्ट तुझाच. मी विचारलं होतं, ज्याला नावच नाही असं काही असलं तर? तू हसलास. "पंडितीणबाई, नाव नाही त्याची कोशात नोंद कशी करणार?" तरी मी एक ओळ घातलीच: ज्याच्या सुखदुःखापासून सभासद स्वतःला वेगळे काढू शकत नाही, त्याच्या बाबतीतही त्याने बाजूला राहावे. सगळे हसले. नियम आहे की मंगलाष्टक, असं दंतवैद्यांनी विचारलं. तू खोडायला सरसावला होतास. तेव्हा मागची मशीन थांबली आणि वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो ते. बाईंनी विचार करून लिहिलंय." तू ती ओळ ठेवलीस. तुझ्या हातून खोडायची राहून गेलेली ती बहुधा एकमेव ओळ.

वहिनी गेल्यावर तुझ्याकडे आले होते तेव्हा मशीनवर पडदा तसाच होता. अर्धी कड घातलेली, सुई कापडात रुतलेली. मी सहज तो उचलायला गेले, तर तू इतक्या जोरात "नको" म्हणालास की माझ्या हातातला चहा बशीत सांडला. त्यानंतर मी त्या खोलीत कशालाच हात लावला नाही. तू मात्र सुई रुतवून ठेवायचा प्रकार कोशापर्यंत नेलास.

शिवणवर्गाच्या त्या बाईंचं काय चुकलं, सांग? वहिनींनी तुरपाईच्या नोंदीत दोरा दुहेरी घ्यावा असं लिहिलं होतं. बाईंनी तिथं "एकेरी" केलं, कारणही नीट दिलं. तू ते पुसलंस. त्यांनी पुन्हा लिहिलं, तू पुन्हा पुसलंस. मग मंडळाची किल्ली वापरून पानाला कुलूप घातलंस, आणि सुई धरता येते का असं त्यांना चारचौघांत विचारलंस. त्यांनी मला खासगी निरोप पाठवला: "मी काही वाईट बोलले का हो?" तो वाचून मला तुझी लाज वाटली. ही लाज तरी मला का वाटावी, हा पुढचा प्रश्न.

मी त्या बाईंना दुहेरी दोऱ्याचं कारण सांगितलं नाही. मला ते ठाऊक आहे. तू टाच घासत चालतोस. तुझ्या पँटची कड महिन्याभरात उसवते. वहिनी माझ्यासमोर दुहेरी दोरा ओवत म्हणायच्या, "ह्यांच्यासाठी एकेरी पुरत नाही." त्यांनी तुरपाई कशी करावी हे लिहिलंच नव्हतं रे. तुझी कशी करावी हे लिहिलं होतं.

उद्या तुला मंडळातून काढण्याच्या ठरावावर मतदान आहे. स्वतःच्या ठरावावर तुला मत नाही. दंतवैद्य आणि ग्रंथपालबाई ठरावाच्या बाजूनं आहेत, इलेक्ट्रिशियन तुझ्या. त्याचा सकाळीच फोन आला. "बाई, तुमचं मत पडलं की दोन-दोन. समान मतं म्हणजे ठराव आडवा. काका वाचले!" त्याचा हिशोब बरोबर आहे. पण मत देताना खाली लिहावं लागतं की या माणसाशी माझा मैत्रीपलीकडे संबंध नाही. ते वाक्य टाइप करून मी बराच वेळ बघत बसले. शेवटी पुसलं, आणि मी बाजूला राहते आहे असं कळवलं. नात्याच्या जागी लिहिलं: "नाव नाही. फार वर्षांपासून आहे." उद्या सगळे वाचतील; त्याआधी तू वाचावंस म्हणून हे पत्र हातोहात पाठवते आहे. कोश तुझं उरलेलं घर आहे, आणि तुला तिथून काढताना मी नुसती बघत राहणार आहे. मला रागावलास तर ते योग्यच होईल. उद्या पानाचं कुलूप निघेल, बाई दोरा एकेरी करतील, आणि तेच बरोबर आहे. वहिनींची नोंद मी हातानं उतरवून सोबत ठेवली आहे, दुहेरी दोऱ्यासकट. ती मशीनपाशी ठेव. उत्तर लिहिलंस तर लिही. मात्र लिहिलंस तर त्यातलं काही खोडू नकोस.

आता नियमानुसार बाजूला राहिलेली,
तुझीच,
पंडितीणबाई