कांद्याच्या मुळ्या

भंडारा, १२ मे १९८४, शनिवार

बाबांनी आज माझं ऐकलं. माझं कसलं, कांद्याचं!

पाण्यात विष असेल तर कांद्याला मुळ्या फुटत नाहीत, हे कॉलेजात शिकवलेलं घरी करून पाहिलं होतं. दोन पेल्यांवर दोन कांदे बसवले, एकात वैनगंगेचं पाणी, दुसऱ्यात आमच्या विहिरीचं. पाच दिवसांत नदीच्या पाण्यात बोटभर पांढऱ्या मुळ्या फुटल्या. विहिरीच्या पाण्यात मुळ्यांचे नुसते तपकिरी खुंट. बाबा सूत रंगवून उरलेलं पाणी त्या विहिरीपाशीच ओततात. "कांदाच सडका असन," म्हणाले. मला रडू आलं.

पण बाबा कधी एका लडीवर रंग ठरवत नाहीत, दुसरी बुडवून पाहतातच. मला न सांगता त्यांनी स्वतः निवडून नवे कांदे पेल्यांवर ठेवले होते. आज पुन्हा तेच. विहिरीच्या पेल्यात मुळ्या नाहीत.

"पोरी, आपन हेच पाणी पिऊन राहिलो ना?" एवढंच बोलले.

किती उपकार मानू, आणि कुणाचे? घरात कधी पेलाभर पाणीही हाताने न घेणारे माझे बाबा संध्याकाळी आईचे पाणी भरायचे दोन पितळी गुंड घेऊन चौकातल्या नळावर, बायकांच्या रांगेत उभे होते.