दामूचे पान ओसरीवर

आंबेजोगाई, कार्तिक वद्य पंचमी

माझा दामू परवा निघणार. पुण्याहून इंजिनियर होऊन आला, इथल्या सरकारात वर्षभर अर्ज केले, काम मिळेना. आता आफ्रिकेत रेल्वेचे पूल बांधणार, म्हणजे समुद्र ओलांडणार. आणि समुद्र ओलांडलेल्याला प्रायश्चित्तानंतरही पंक्तीत घेऊ नये, हा निर्णय गावाला लिहून दिला कोणी? मीच. अक्षर काय सुबक काढले होते!

तेव्हा गोविंदभट ब्रह्मदेशातून परतला होता. त्याला आम्ही बापाच्या तेराव्यालाही वेगळे बसवले. आता पोरासाठी तो सुबक कागद फाडला, तर गोविंदभटाला काय तोंड दाखवू? न फाडला, तर पोराला?

आज जेवायला बसताना दामूने आपले पान उचलून ओसरीवर मांडले.

"आतापासून कावून रे?" त्याची आई म्हणाली.

"सवय करतो, आई. अण्णांचं शास्त्र लई पक्कं. माझे पूल तेवढे टिकले तरी पुष्कळ!"

मला हसू आले. चेष्टेखोरपणा माझाच उचलला आहे. ही डोळे पुसत बाहेर वाढायला गेली. "आत ये" एवढेच म्हणायचे होते. जन्मभर पुराणे सांगितली, पण हे दोन शब्द काही निघाले नाहीत. तो तिथेच जेवून उठला.