आईच्या नावावरची पावलं

मस्कत

तीर्थरूप बाबा,

इथूनच पाय धरतो. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. मी बरा आहे, जेवणाचे हाल नाहीत. वाडीतला चाफा कोण तोडतं आता?

आईच्या हातात मी तो पावलं मोजणारा पट्टा बांधून आलो होतो. तिची पावलं माझ्या फोनवर आणि डॉक्टरांकडे जायची. रोज सहा हजार. मी इथे सगळ्यांना कौतुकाने दाखवायचो. डॉक्टरही म्हणाले, एवढं चालतात तर तपासणी पुढच्या महिन्यात करू. आणि ती तर पायाच्या जखमेने खाटेवरून उठतही नव्हती.

आईच्या तेराव्याला पट्टा तुमच्या मनगटावर दिसला तेव्हा कळलं, वाडीत तुम्ही चालत होता. "तीच म्हणाली, भावेशला घोर नको," एवढंच बोललात. मी तुमच्यावर ओरडलो. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. पण आकडे बघून मी खूश होतो. पाय दाखव, असं तिला एकदाही म्हटलं नाही.

पट्टा तुम्ही काढलेला नाही, हे मला दिसतं. पहाटे आईच्या नावावर पावलं सुरू होतात, विहिरीपर्यंत जाऊन येतात. सोमवारपासून मात्र दिवसाला चाळीसच. शेजारच्या काकू म्हणाल्या, ओट्यावर बसून असतात. जेवता ना?

पट्ट्यावरचं नाव मी बदलणार नाही. तो हातात राहू द्या. फक्त या वेळी दुसऱ्या कुणाला बांधू नका.

तुमचाच,
भावेश