दुपारी दोनची खूण

खडकी, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. निकितास,
सप्रेम जयभीम नि आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. हवेची गादी एक, पंपासकट, बिलावर रुपये २१५०. कॉफी पाव किलो, १९०. पत्र एक, चार ओळींचं. कॉफी पुण्यातही मिळते, हे तू विसरलेली दिसतेस.

बाबांना गादीवर घेतलं. डावं अंग अजून हलत नाही, पण गादी फुगली तसे हसले. नर्स ऋतुजाताई दर बुधवारी येतात. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि भिंतीवरच्या कागदावर खूण करायची, असं त्यांनी बजावलंय. म्हणून सकाळी वंदना, मग कूस, मग भाकरी, मग कूस. इतकी दमलेय की त्रिशरण म्हणतानाही घड्याळाकडे डोळा जातो. फोनवर हे बोलता येत नाही, बाबा ऐकत असतात.

मार्चमध्ये प्रबंध देऊन तू घरी येतेस, तेवढ्यावर दिवस ढकलतेय. दाढी करायला येणाऱ्या बजरंगलाही बाबांनी सांगून ठेवलंय, डॉक्टरीण येतेय म्हणून. त्याने विचारलं, कशाची डॉक्टर? मला सांगता येईना. मॅट्रिक झालेल्या आईला कळेल असं लिही.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी आई,
ललिता


बेंगळुरू
२२ जानेवारी २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

बजरंगला असं सांग. सेंद्रिय रेणू म्हणजे कार्बनच्या भोवती झालेली अणूंची जोडणी. कागदावर त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठरलेला आकडा घ्यायचा नि बेरीज करायची. प्रयोग न करताच अंदाज येतो, जोड तोडायला किती ऊर्जा लागेल. दुसरा आकडा एंट्रॉपीचा. रेणू किती वेगवेगळ्या रीतींनी असू शकतो, त्याचं माप.

याच दुसऱ्या आकड्यात मी घोळ घातलाय. आपला मिसळणाचा डबा आठव, कडेने सहा वाट्या. मोहरी, जिरं, हळद असताना डबा फिरवला तर लगेच कळतं. घासून रिकामा ठेवला तर एकेका वाटीने कितीही फिरव, तसाच दिसतो. असे रेणू आले की बेरजेतून थोडं वजा करावं लागतं, नाहीतर एकच मांडणी पुन्हा पुन्हा मोजली जाते. मी वजाच केलं नाही. एक्केचाळीस रेणूंचे आकडे फुगले. वर प्रबंधात लिहून बसले की जुन्या लोकांची प्रयोगातली मोजणीच चुकली.

माझ्या मार्गदर्शक सरांनी ते प्रकरण वाचलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. सांगितलं तर सगळं पुन्हा, म्हणजे मार्चचा सप्टेंबर. तू मार्चवर दिवस काढतेयस. गप्प बसावंसं वाटतं. आई, काय करू?

तुझीच,
निकिता


खडकी, पुणे
२९ जानेवारी २०२५

चि. निकितास,
सप्रेम जयभीम नि आशीर्वाद.

पत्र मिळालं. डबा घासून, रिकामा फिरवून पाहिला. एका वाटीला पोचा आहे म्हणून तेवढं कळलं. तुमच्या रेणूंना पोचे नसतात वाटतं.

सप्टेंबर वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. पहिल्यांदा मनात हेच आलं की पोरीने गप्प राहावं. तसं लिहायलाही घेतलं होतं.

पण आज बुधवार. ऋतुजाताईंनी बाबांना वळवलं तर माकडहाडाशी कातडी फुटलेली. त्यांनी कागद पाहिला. म्हणाल्या, खुणा तर सगळ्या आहेत, म्हणजे गादीच खराब निघाली, परत पाठवा. मी मान डोलावली. तू पाठवलेली गादी, आणि मी मान डोलावली!

चहा ठेवताना राहवेना. सांगून टाकलं. गादी आली, आता चालतंय, असं म्हणून दुपारी दोनची कूस मी बदलतच नव्हते. आडवी व्हायचे आणि उठल्यावर खूण करायचे. रोज सकाळी पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणते, आणि दुपारी ती खूण.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आज कळलं ते बरं, जखम अजून वरवरची आहे. चादर ओढून कसं वळवायचं ते दाखवलं. दुपारी शेजारच्या मदिनाबींना हाक मारा म्हणाल्या. भिंतीला भिंत लागून घर, पण बाबा अंथरुणाला खिळल्यापासून चार महिन्यांत मी हाक मारली नव्हती. आज मारली, तर हातातलं पीठ तसंच घेऊन आल्या.

खोट्या खुणा सतरा निघाल्या. खोडल्या.

तू सरांना सांग. जुन्या लोकांची मोजणी बरोबर होती, हेही लिही. बजरंगला सप्टेंबर मी सांगते, बाबांना तू सांग. माझं दमणं आहे तेवढंच राहणार, पण तुझ्या चुकीला त्याचा आडोसा नको.

नवा कागद लावलाय. त्यावर आज दोनच्या घरात खूण आहे, खरी आहे. तुझं सांगून झालं की उलट टपाली दोन ओळी धाड.

वाट पाहणारी तुझी आई,
ललिता