मामंजींची इनामं घराबाहेर जाईनात

तीर्थरूप नाथाजीदादास, धाकट्या चंद्रीचा पाया पडून नमस्कार. (शिरसाष्टांग असं लिव्हायचं असतंय, पर त्यो शबूद चौथीच्या परीक्षेतबी माजा चुकला हुता, म्हणून पायाच पडते.) तू पलटणीत खुशाल असशील. तिकडं थंडी लय असंल. छातीला कापूर घालून गरम केल्यालं तेल चोळत जा, आन् आईनं शिवून दिल्याली बंडी साहेब रागावलं तरी आतनं घालत जा. खोकला गेला का ते कळीव. हिकडं आमी सगळी बरी हाय. गुंडा बरा हाय, मामंजी बरं हायत. म्हस शेजारच्या हरणाबाईला इकली, तीबी बरी हाय. तुजं दाजी सांगलीत बरं हायत, फकस्त शिंकत्यात, कारण हळदीच्या वखारीत काम म्हणल्यावर नाकात हळद जायाचीच. शनवारी येष्टीनं घरला येत्यात तवा मानंपतूर पिवळं असत्यात, आन् हरणाबाई दर शनवारी इचारती, का गं, तुज्या मालकांचं दुसरं लगीन निघालं का.

तर दादा, आमी आता सांगलीला जायाचं ठरलंय. दाजींची नोकरी कायम झाली, वखारीच्या मागं एक खोली मिळाली. म्या अजून बगितली न्हाई. दाजी म्हणाले, चांगली हाय, दारात उभं ऱ्हायलं की सगळी दिसती. हितलं घर त्येंच्या चुलतभावाला द्यायचंय, त्येची बायको येऊन कुठं काय ठेवायचं ते बगूनबी गेली, माज्या चुलीम्होरं उभी ऱ्हाऊन. चंपाषष्ठीच्या आत निघायचं हाय. मी भित्री हे तुला नवं न्हाई. (लहानपणी आपल्या शेतातल्या बुजगावण्याला भिऊन मी बांधावनं वळून जायाची आन् तू माजीच चेष्टा करायचास, की पाखरं भीत न्हाईत आन् तू भितीस.) सांगलीला जायाला मी भीत न्हाई असं न्हाई, पर त्याच्याहून जास्ती एका गोष्टीला भिते, ती म्हंजी मामंजींच्याबिगर जायाला. श्रावणात गुंडाला ताप चढून झटकं आलं हुतं ते मी तुला पत्रात नीट लिव्हलं न्हाई, उगं काळजी नको म्हणून. भर दुपार हुती. पोरगं डोळं पांढरं करून ताठ झालं, आन् मी, त्येची आई, भिताडाला टेकून नुसती बगत ऱ्हायली.  मामंजींनी कांदा फोडून त्येच्या नाकाला लावला, डोईचा फेटा सोडून पोराला त्यात गुंडाळलं, आन् सत्तरीला टेकल्यालं माणूस वढा वलांडून कडेगावच्या डाक्टरापतूर पळालं. तवापासनं मी ठरीवलंय. जिथं मामंजी तिथं मी आन् माजं पोरगं. दाजी आठवडाभर वखारीत असणार. पोराला परत तसं काय झालं तर त्या खोलीत भिताडं हायत तेवढी चारीबी मला टेकायला पुरायची न्हाईत.

आता मामंजी म्हणत्यात, मी येतो, पर माजी इनामं येणार. दाजी म्हणत्यात, खोलीत एक तर तुमी मावाल न्हाईतर इनामं.

इनामं म्हंजी काय ते तुला ठावं हाय, पर किती हायत ते ठावं नसंल. जवानीत मामंजींचं, लालासाहेब वस्तादांचं, नाव काढलं की चार तालुक्यातली पोरं लंगोट आवळायची, आन् कुठल्याबी जत्रंत कुस्ती मारली की फेटा, न्हारळ, न्हाईतर पितळंचं भांडं. पैसं असतं तर खाऊन संपलं असतं, भांड्यांचं काय करणार. तीन ट्रंका नुसत्या फेट्यांच्या. कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्यात, ट्रंक उघडली की आधी कडू वास येतो, मग कापराचा, आन् सगळ्यात खालनं तांबड्या मातीचा. भांडी तर माळ्यापतूर. माज्या सासूबाईंनी, देवाघरी गेल्याल्या साळूबाईंनी, एकेका भांड्याला हरल्याल्या पैलवानाचं नाव ठेवलं हुतं. मी नवी नवरी हुते तवाची गोष्ट. पयल्याच दिशी त्येंनी मला आतनं हाक मारली, पोरी, बिराप्पाला चुलीवनं उतरीव, करपायला लागलाय, आन् आकारामाला राखनं चांगला घास. मी दाराची चौकट धरून उभी ऱ्हायले. आपल्या आईनं सांगितलं हुतं, सासरची माणसं तालमीतली हायत, तापट असतील, पर एवढी असतील असं सांगितलं नव्हतं. मग कळलं, बिराप्पा म्हंजी डाळीचं पातेलं आन् आकाराम म्हंजी पाण्याची घागर. आकारामाच्या बुडाला एक पोचा हाय. सासूबाई म्हणायच्या, खऱ्या आकारामालाबी तिथंच लागलं हुतं.

सासूबाईंनी जलमात एक कुस्ती बगितली न्हाई. बायका कुठं जात्यात. पर जत्रा जवळच्या गावात असली की त्या परसात उभ्या ऱ्हाऊन हलगी ऐकायच्या. हलगी कशी वाजती त्यावरनं त्येंना कोण जितलं ते कळायचं, आन् त्या न बोलता आत येऊन आंघुळीचं पाणी तापत ठेवायच्या. मामंजी गुलालानं माखून घरी यायच्या आत पाणी उकळल्यालं असायचं. हरलं असतं तर पाणी ठेवलं नसतं का, असं मी एकदा इचारलं. तर म्हणाल्या, ठेवलं असतं की, पर थोडं कोमट. हे सगळं दादा मी तुला का सांगते, तर ही भांडी इकायची म्हणल्यावर मलाबी काय बरं वाटलं न्हाई. मी पाच वरसं बिराप्पात डाळ शिजीवलीया. त्येचा कुठला कोपरा तापतो ते मला ठावं हाय.

पर इकायला तर पायजेत. दाजींनी कराडच्या रसूलभाईला निरोप धाडला. मोडीची भांडी घेणारा माणूस, लय सज्जन, काडीवाणी बारीक, दम्याचा. सायकलीला ताजवा बांधून आला. च्या घेतला आन् पयलाच बिराप्पा उचलून ताजव्यात घातला. मामंजी वट्यावर बसलं हुतं. म्हणाले, रसूल, काय करतूस? म्हणला, वजन करतूय वस्ताद. मामंजी म्हणाले, बिराप्पाचं वजन मी कवाच केलंय, मातीत. ठेव खाली. आन् उभंच ऱ्हायलं. म्हणाले, इनाम इकत न्हाईत आन् इकतबी घेत न्हाईत, इनाम जिकून न्यायचं असतंय. ज्येला जे पायजे त्येनं माज्याबर हात करावा, मला पाडावं, आन् खुशाल घेऊन जावं, एक पैसा द्यायचा न्हाई.

दादा, सत्तरीचं हाड, पडलं न् मोडलं तर सांगली ऱ्हायली बाजूला. पर मामंजी गोठ्याच्या मागं जुन्या तालमीच्या मातीवर जाऊन उभंबी ऱ्हायलं. रसूलभाईनं टोपी काढून घडी घातली, चष्मा माज्या हातात दिला, म्हणला, पोरी, माज्या घरी निरोप देशील ना. मग मामंजींनी शड्डू ठोकला. नुसता मांडीवर थापटीचा आवाज झाला, हात लागायच्या आधीच रसूलभाई मातीत उताणा. उठला, माती झटकली, आन् काय केलं म्हणशील. जितल्याल्या पैलवानाला फेटा बांधायची रीत हाय म्हणून गळ्यातला रुमाल काढून मामंजींच्या डोईला गुंडाळला आन् स्वताच्या पिशवीतला नवा तांब्या त्येंच्या म्होरं ठेवला. रिकामा ताजवा घेऊन कराडला गेला. आमच्या घरात एक भांडं वाढलं.

तिथनं जे चालू झालं ते सांगायला पत्र पुरायचं न्हाई. गावभर कळलं की वस्ताद परत मातीत उतरलं. वस्तादांच्या हाताला हात लागावा म्हणून जो त्यो यायला लागला. साळंतलं मास्तर आलं, त्येंनी पडायच्या आधी धोतराचा सोगा नीट खवला आन् मग पडलं. सोसायटीचा चेअरमन पडला. न्हावी पडला. ज्येच्या त्येच्या हातात न्हारळ, न्हाईतर फेटा. कुणालाबी भांडं नको हुतं, सगळ्यांना आता इस्टील पायजे, त्येंना फकस्त पडायचं हुतं. फेट्यांची चौथी ट्रंक हरणाबाईकडनं उसनी आणली. न्हारळाचं म्हणशील तर आमटीत न्हारळ, भाकरीबर न्हारळ, गुंडाचं प्वाट बिघडलं ते येगळंच. दाजी शनवारी आलं, ते उंबऱ्यातल्या न्हारळावनं घसरून सरळ घरात पोचलं. मी म्हणलं, अवो तुमीच का न्हाई खेळत. तर कमरंला हात लावून म्हणाले, बापाबर शड्डू ठोकू व्हय, नरकात जागा हाय का मला, खोलीत तर न्हाईच.

खरी भांडं न्यायला आली ती एकटी धोंडुबाई. दुधाचा रतीब घालती, तिला मोठी चरवी पायजे हुती. पदर कमरंला खवून आली न् म्हणली, या वस्ताद. मामंजी दोन पावलं मागं सरलं. म्हणाले, मी बाईबर खेळत न्हाई. ती म्हणली, मग हरलो म्हणा. मामंजींनी लय येळ इचार केला. तोंड बगण्यावाणी झालं हुतं. शेवटी म्हणाले, बरोबरीत सोडवली. आता बरोबरीत सुटल्यालं इनाम दोघांचं. म्हणून धोंडुबाई रोज सकाळी चरवी न्हेती आन् सांच्याला घासून परत आणून ठेवती. एवढं एकच भांडं घराबाहेर गेलं, आन् तेबी रोज मुक्कामाला घरी.

हसू नगंस. म्याबी हसत हुते, पर परवा दिवं लावायच्या येळंला मामंजी ट्रंक उघडून बसलं हुतं. गुंडा मांडीवर. एक जुना केशरी फेटा, रंग उडून बिस्किटासारखा झाल्याला, पोराच्या डोस्क्याला बांधत हुते. म्हणाले, पोरी, ह्यो आकारामाच्या कुस्तीतला. ऊन कलल्यावर सलामी झाली आन् दिवस बुडाला तरी दोघं उभंच, त्यो पडला पार दिवट्या लावल्यावर. त्येनं मला सोडला न्हाई न् मी त्येला सोडला न्हाई, म्हणून तर ह्यो ठेवलाय. मग म्हणाले, उभ्या जलमात मी कवा नुरा कुस्ती खेळलो न्हाई, आधी ठरवून कुणाम्होरं पडलो न्हाई का कुणाला पडायला सांगितलं न्हाई. आन् आता सगळा गाव माज्याबर नुरा खेळतोय. म्हातारा झालो हे कुणी त्वांडानं सांगत न्हाई, पडून सांगत्यात. असली माणसं म्होरं असली तर मी काय कुणाला द्यायचं आन् काय घेऊन यायचं. मी गुंडाच्या डोळ्यावर आल्याला फेटा वर सारला.

बाकी सगळं ठीक. चंपाषष्ठी जवळ आली, ट्रंका चार हायत, आन् भांडी जिथल्या तिथं. आईला माजा नमस्कार कळीव, तिला झटक्याचं सांगू नगंस. (तुमच्या पलटणीत पत्रं वाचून बगणारं कोण साहेब असतील तर त्येंनीबी सांगू ने.) पोराचा मुका. लिव्हण्यात काय चुकलं असलं तर माज्या चौथीच्या मास्तरला बोल लाव, मला न्हाई.

तुजी धाकटी भण,
चंद्रा

ता. क. दादा, आता खरं लिव्हते. तुजी रजा मंजूर झाल्याली हाय ना. कराडला उतरलास की घरला जाऊ नगंस, सरळ हिकडं ये. तू पलटणीत कुस्ती खेळतूस, तुला ह्या गावची भीड न्हाई. ये आन् माज्या मामंजींना पाड. खरं पाड. ते खरं हरलं की सगळं आपणहून वाटून टाकतील, मला ठावं हाय, आन् मग मोकळं होऊन माज्याबर येतील. दुसरं कुणी करायचं न्हाई. भणीच्या सासऱ्याला पाडलं म्हणून लोकं तुला नावं ठेवतील. ठेवू देत. मी ठेवायची न्हाई.

ता. क. दुसरं. घोटाळा झाला. गुंडाला पेज भरवायला उठले, पत्र जात्यावर ऱ्हायलं, आन् मामंजींनी वाचलं. एकेक अक्षर लावून सगळं वाचलं. मी चुलीपाशी मेल्यावाणी बसले. ते काय रागावलं न्हाईत. म्हणाले, धोंडुबाईचं लिव्हायला नको हुतं. मग म्हणाले, लिव्ह भावाला. माजा उजवा गुडघा कच्चा हाय. पयल्यापासनं. आकारामाला दिवस बुडंपतूर सापडला न्हाई, तुज्या सासूलाबी मी सांगितलं न्हाई. त्या पायाचा पट काढ, पाय धरून वढ म्हणावं, मला सुटायचा न्हाई. आन् भीड धरून स्वताच पडला तर मी हितंच ऱ्हाणार, हे बी लिव्ह.

म्हणून लिव्हलंय. तर दादा, त्येंनी सांगितलंय तसंच पाड, पर पडताना त्येंच्या मानंखाली तुजा हात असू दे. पोराला खांद्यावर घेणारं दुसरं कुणी न्हाई मला.

मामंजी सकाळपासनं गोठ्यामागं तालमीची माती उकरत्यात. ताक घातलं, तेल घातलं, मुठीत घेऊन बगितलं आन् परत उकरायला लागलं. आजपतूर कुणाच्याबी कुस्तीला एवढी मऊ केल्याली मी बगितली न्हाई.